गोठ्यातलं अँटिबायोटिक, शेणातले जंतू आणि आपलं पोट: घरी काय काय सांभाळायचं

घरी दोन-चार गाई-म्हशी, शेळ्या, परसात कोंबड्या असं ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय, ब्रॉयलरचं शेड असलेल्यांनी तर नक्की वाचा. अँटिबायोटिकचा विषय निघाला की सगळे दुधात उतरणाऱ्या अंशाबद्दलच बोलतात, डेअरीवर दूध परत येईल का, टेस्टला सापडेल का. तो अंश महत्त्वाचा आहेच. पण त्याच्याहून मोठी गोष्ट जनावराच्या आतड्यात घडते आणि शेणातून बाहेर येते, आणि तिकडे कुणाचं लक्षच नसतं.

आधी हे कसं होतं ते थोडक्यात, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप पटतं. जनावराच्या आतड्यात अब्जावधी जंतू असतात, ई. कोलाय वगैरे, त्यातले बहुतेक निरुपद्रवी. तुम्ही गाईला ताप आला म्हणून इंजेक्शन दिलं तरी ते औषध रक्तातून, पित्तातून थोडंफार आतड्यात पोचतंच, आणि तोंडावाटे किंवा खाद्यातून दिलं तर सगळ्यात जास्त पोचतं. तिथे जे जंतू त्या औषधाला बळी पडतात ते मरतात, जे तग धरतात ते मोकळ्या जागेत वाढतात. त्यात भर म्हणजे तग धरायची ही ताकद, म्हणजे रेझिस्टन्स, बऱ्याचदा प्लास्मिड नावाच्या छोट्या डीएनएच्या कडीवर असते आणि ती कडी एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही. एकाच कडीवर चार-पाच औषधांविरुद्धचे जीन असू शकतात, म्हणजे तुम्ही वापरलं एकच औषध पण बाकीच्यांचाही रेझिस्टन्स त्याच्यासोबत वाढत जातो. मग शेण, हात, दुधाची बादली, विहीर, भाजी असं करत करत ते आपल्या पोटात येतात आणि तिथे गुपचूप राहतात. आपण आजारी पडत नाही, काही जाणवतही नाही. अडचण येते ती पुढे कधी लघवीचं इन्फेक्शन झालं किंवा ऑपरेशननंतर जखम चिघळली की, कारण लघवीचं इन्फेक्शन बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातल्या ई. कोलायमुळे होतं आणि तो आधीच रेझिस्टंट असेल तर नेहमीची गोळी चालत नाही.

हे नुसतं अंदाजाने सांगत नाहीये. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या स्टुअर्ट लेव्ही यांनी बॉस्टनजवळच्या एका फार्मवरचा अभ्यास छापला होता, कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन गटातलं औषध घातलं तर आठवड्याभरातच त्यांच्या आतड्यातले जंतू बदलले आणि काही महिन्यांत फार्मवर राहणाऱ्या माणसांच्या पोटातही रेझिस्टंट जंतू वाढलेले दिसले, त्या माणसांनी स्वतः ते औषध घेतलेलं नसताना. २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि दवाखान्यातल्या पेशंटमध्येही एमसीआर-१ नावाचा जीन सापडला ज्याच्यामुळे जंतू कोलिस्टिनला दाद देत नाहीत, आणि कोलिस्टिन म्हणजे आयसीयूमध्ये बाकी सगळं संपलं की काढतात ते औषध. भारतात जुलै २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना, कोंबड्यांना, मत्स्यशेतीत आणि खाद्यात कोलिस्टिन वापरण्यावर बंदी आली ती याच काळजीने. चांगली बातमी पण आहे, चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी म्हणून खाद्यात कोलिस्टिन घालणं थांबवलं आणि त्यानंतर डुकरांमधला कोलिस्टिनचा रेझिस्टन्स बराच खाली आला. म्हणजे आपण वापर कमी केला तर फरक पडतो, म्हणूनच एवढं सगळं लिहायचं.

पहिलं काम: हे औषध लागणारच आहे का ते ठरवा

अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही. लाळ्या खुरकूत, लम्पी, तिवा, शेळ्यांचा पीपीआर, कोंबड्यांची मानमोडी हे सगळे व्हायरसचे आजार. यात डॉक्टर कधीकधी अँटिबायोटिक देतात ते वरून दुसरं इन्फेक्शन झालं असेल तर, आणि ते ठरवणं डॉक्टरचं काम आहे, मेडिकलवाल्याचं नाही आणि शेजारच्या वस्तीवरच्या अनुभवी माणसाचंही नाही. तिव्यात गाय दोन-तीन दिवस लंगडते, खात नाही, ताप भरतो आणि बहुतेक वेळा ताप उतरला की उठते, तेव्हा शेवटच्या दिवशी दिलेल्या इंजेक्शनला सगळं श्रेय मिळतं आणि पुढच्या वर्षी तेच इंजेक्शन पहिल्या दिवशी टोचलं जातं. हे चक्र तोडायचं असेल तर थर्मामीटर घ्या, रोज सकाळ-संध्याकाळ ताप लिहून ठेवा आणि डॉक्टरला आकडा सांगा. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर १९६२ आहे, टोल फ्री, तो गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा.

घटसर्प, फऱ्या, आंत्रविषार हे जंतूंचे आजार आहेत, पण त्यांच्या लसी पावसाळ्याआधी टोचून घेतल्या तर औषधाची वेळच सहसा येत नाही. लस म्हणजे वाचलेलं अँटिबायोटिक असा माझा सरळ हिशोब आहे.

दगडी: इथेच सगळ्यात जास्त औषध जातं

दुभत्या गोठ्यात अँटिबायोटिक कशावर खर्च होतं बघाल तर कासेच्या आजारावर, म्हणजे दगडीवर. आणि दगडीची सुरुवात दिसायच्या आधी होते, दूध चांगलं दिसतं पण एखाद्या सडात आतून सूज असते. ते पकडायला महागडं काही लागत नाही. एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम कपड्याची साबण पावडर विरघळवा, चार वाट्या किंवा चार झाकणं घ्या, प्रत्येक सडाचं दूध वेगळ्या झाकणात, तेवढंच साबणाचं पाणी घालून मिनिटभर गोल फिरवा. दूध पातळच राहिलं तर ठीक, चिकट तार सुटली किंवा जेलीसारखं झालं तर त्या सडात गडबड आहे. पंधरा दिवसांतून एकदा सगळ्या गाईंची करा, विण्याच्या आधी आटवताना आणि व्यायल्यावर आठवड्याने तर कराच. चीक उतरत असेपर्यंत मात्र ही टेस्ट फसवते.

रोजचं काम म्हणजे सड धुऊन कोरडे करणं, प्रत्येक गाईला वेगळं फडकं, पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कपड्यावर काढून गाठी दिसतात का बघणं (जमिनीवर काढू नका, जंतू तिथेच बसतात), आणि धार झाली की प्रत्येक सड आयोडीनच्या टीट डिपमध्ये (सडासाठीचं जंतुनाशक) बुडवणं. त्यानंतर गाय लगेच बसता कामा नये, सडाचं तोंड बंद व्हायला अर्धा तास तरी लागतो, म्हणून वैरण धारेनंतर टाकायची, आधी नाही. दगडी झालेल्या गाईची धार सगळ्यात शेवटी. एवढंच नेमाने केलं तरी औषधाचा खर्च डोळ्यांना दिसेल इतका खाली येतो.

आणि दगडी झालीच तर? औषध टोचायच्या आधी दुधाचा नमुना घ्या, हे मी ठासून सांगते कारण औषध दिल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात जंतू वाढतच नाही आणि रिपोर्ट फुकट जातो. मेडिकलमध्ये लघवी तपासायची निर्जंतुक डबी मिळते तीच चालते. हात साबणाने धुवा, सडाचं टोक स्पिरिटच्या कापसाने घासून पुसा, कापूस काळा निघायचा थांबेपर्यंत, वाळू द्या, दोन-तीन धारा सोडून द्या, डबी आडवी धरून दूध घ्या म्हणजे वरून केस-माती पडत नाही, झाकण आतून हात न लावता बंद करा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषणाची लॅब आहे, शिरवळ, नागपूर, परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजांत पण चौकशी करा. कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी असं सांगायचं, म्हणजे कुठला जंतू आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं ते कळतं. रिपोर्ट येईपर्यंत गाय आजारी असेल तर डॉक्टर उपचार सुरू करतीलच, तो रिपोर्ट पुढच्या वेळी आणि बाकीच्या गाईंसाठी सोनं आहे.

डॉक्टरशी बोलताना एक प्रश्न विचारा, यापेक्षा साधं औषध चालेल का? सेफ्ट्रायॅक्झोन, सेफ्टिओफर, सेफक्विनोम ही तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन आणि एन्रोफ्लॉक्सासिन हे माणसांच्या फार महत्त्वाच्या औषधांचे भाऊबंद आहेत, जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना सगळ्यात वरच्या यादीत ठेवलंय. ती पहिल्याच दिवशी काढायची औषधं नव्हेत. एकाच सडाला हलका त्रास असेल, गाईला ताप नसेल, खातेय-पितेय, तर फक्त सडात सोडायची ट्यूब पुरते का तेही विचारा, कारण अंगभर इंजेक्शन म्हणजे आतड्यापर्यंत औषध. अगदी सुरुवातीच्या दगडीला कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम वाटून तो लेप दिवसातून आठ-दहा वेळा कासेला लावायचा उपाय एनडीडीबी, म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळसुद्धा शेतकऱ्यांना शिकवतं, पाच दिवस लावायचा, प्रत्येक वेळी आधीचा लेप धुऊन, कास पूर्ण पिळून. पण गाय तापली, बसून राहिली, दूध पाण्यासारखं किंवा लालसर आलं तर लेप लावत बसू नका, ताबडतोब डॉक्टर.

अर्धी बाटली शिल्लक राहिली म्हणून दुसऱ्या गाईला टोचायची, गाय उठली म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करायचं, वजन न बघता अंदाजे डोस द्यायचा, हे तिन्ही बंद. मापाची टेप मिळते, छातीचा घेर मोजून वजन कळतं.

औषधाचं दूध: वासराला तर अजिबात नाही

ज्या गाईला औषध चालू आहे तिच्या पायाला लाल पट्टी बांधा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर औषधाचं नाव, शेवटचा डोस आणि दूध परत कधी सुरू ते लिहा, कारण धार काढायला रोज एकच माणूस नसतो. किती दिवस दूध टाकायचं ते लेबलवर असतं. लेबलवर नसेल तर आपल्याकडच्या औषध नियमाप्रमाणे दूध आणि अंड्यांसाठी कमीत कमी ७ दिवस, मांसासाठी कमीत कमी २८ दिवस. औषध एका सडात सोडलं असलं तरी चारही सडांचं दूध टाकायचं. उकळलं की औषध जातं असं बरेच जण धरून चालतात, तसं नाही, उकळण्याने जंतू मरतात पण औषधाचा अंश बऱ्यापैकी तसाच राहतो. ज्या घरात विरजण नीट असून दही लागत नाही तिथे औषधाचं दूध हे एक कारण असू शकतं, विरजणातले जंतू पण जंतूच आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डेअरीला घालता येत नाही म्हणून हे दूध वासराला पाजतात, वाया का घालवायचं म्हणून. मनाला पटतं, पण वासराच्या आतड्यात रोज थोडं थोडं अँटिबायोटिक गेलं की तिथे रेझिस्टंट जंतूंचीच पैदास होते आणि ते वासरू ते शेणातून सगळ्या गोठ्यात पसरवतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये याचा आढावा घेतला तेव्हा हाच निष्कर्ष निघाला, असं दूध पाजलेल्या वासरांच्या शेणात रेझिस्टंट जंतू जास्त. कुत्र्या-मांजरालाही नको. विहीर, ओढा, गटार यात ओतू नका, खताच्या खड्ड्यात पाचटात मुरवा.

वासरांची हगवण लागली की लगेच गोळी किंवा सल्फाची पुडी दिली जाते, त्याबद्दल. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतली हगवण पुष्कळदा रोटाव्हायरसची किंवा क्रिप्टो नावाच्या परजीवीची असते, तिथे अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. वासरू मरतं ते अंगातलं पाणी गेल्याने. दूध बंद करू नका, दुधाच्या वेळा सोडून मधे दोन-तीनदा इलेक्ट्रोलाइटचं पाणी द्या, कोरडं आणि उबेत ठेवा. ताप, शेणात रक्त, चोखायची ताकद नाही, उभं राहत नाही, यातलं काही दिसलं तर डॉक्टर. आणि मुळात हगवण होऊच नये म्हणून चीक पहिल्या एक-दोन तासांत, वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर. वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही ही आपल्याकडची जुनी समजूत कृपा करून सोडा, तितक्या वेळात वासराच्या आतड्याची चिकातली प्रतिकारशक्ती शोषायची क्षमता घटत जाते.

शेडवाल्यांसाठी

पिल्लं आली की पहिले तीन ते पाच दिवस पाण्यातून अँटिबायोटिक द्यायचंच असं बऱ्याच शेडवर चालतं, आजार असो नसो. हजारो पिल्लांच्या आतड्यात एकाच वेळी रेझिस्टंट जंतूंची निवड सुरू होते. त्याऐवजी पैसा आणि कष्ट ब्रूडिंगवर, म्हणजे पिल्लांना उबेत सांभाळण्यावर घाला, पिल्लं आत यायच्या आधी शेड तापलेलं पाहिजे, तूस कोरडं पाहिजे, पाण्याची टाकी आणि निपलची लाइन बॅच संपली की आतून धुतली पाहिजे कारण पाइपच्या आत जो बुळबुळीत थर बसतो त्यात जंतू राहतात. पाण्यात क्लोरीन घाला, लसीच्या दिवशी तेवढं घालू नका, नाहीतर जिवंत लस मरते. लासोटा (मानमोडीची लस) आणि गंबोरोची लस वेळेवर. खाद्य कंपनीकडून येत असेल तर पोत्यावरचं लेबल वाचा, सीटीसी, बीएमडी, टायलोसिन, एन्रामायसिन असं काही अँटिबायोटिक लिहिलंय का बघा आणि सुपरवायझरला विचारा हे कशासाठी, याच्याशिवायचं मिळेल का. युरोपात वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं जानेवारी २००६ पासून पूर्ण बंद आहे आणि तिथे कोंबड्या वाढतायतच.

शेण आणि कोंबडखत

उकिरड्यावर रोज पाटी-पाटी शेण पसरून टाकलं तर ते वाळतं, तापत नाही. जंतू मरायला ढीग आतून ५५ अंशाच्या वर जायला हवा, आणि उघड्या ढिगाला ती उष्णता साधारण पंधरा दिवस टिकवून त्यात पाच वेळा पलटी मारायला सांगतात म्हणजे बाहेरचा भाग आत येतो. करायचं असं: शेण किंवा कोंबडखत, त्यात पाचट, भुसा, पालापाचोळा, ढीग कमीत कमी कमरेइतका उंच, ओल इतकीच की मुठीत दाबलं तर हात ओला व्हावा पण पाणी गळू नये. लोखंडी सळई ढिगात खुपसून ठेवा, पाच मिनिटांनी काढल्यावर हातात धरवत नसेल तर ढीग तापलाय. कंपोस्टने रेझिस्टंट जंतू खूप कमी होतात, टेट्रासायक्लिनसारखी औषधं पण बरीचशी मोडतात, एन्रोच्या गटातली मात्र चिवट असतात, म्हणून मुळात कमी वापरणं याला पर्याय नाहीच. गोबरगॅसच्या स्लरीत जंतू कमी होतात पण संपत नाहीत, ती कोथिंबीर-मेथीच्या वाफ्यात सोडू नका. कच्चं खत घालायचंच असेल तर अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमातलं अंतर लक्षात ठेवा, खायचा भाग मातीला लागत असेल तर काढणीच्या आधी १२० दिवस, लागत नसेल तर ९०. काकडी, टोमॅटो, कांद्याची पात, मुळा, जे कच्चं खातो त्याला तर हे पाळाच.

आपले हात, आपलं स्वयंपाकघर

गोठ्याचं शेण काढणं, सारवणं, गोवऱ्या थापणं हे आपल्याकडे बहुतेक बायकाच करतात आणि तेही उघड्या हाताने, आणि लघवीचं इन्फेक्शनही बायकांनाच जास्त होतं. म्हणून हातमोजे घ्या, स्वस्तातले रबरी चालतील, आणि गोठ्याच्या तोंडाशीच नळ आणि साबण ठेवा, घरात येऊन धुऊ असं नाही. नखं कापलेली. गोठ्याची चप्पल वेगळी. लहान पोरांना धारोष्ण दूध पाजू नका, उकळूनच.

चिकन आणलं की नळाखाली धुवायची सवय असते, त्याने शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, कोशिंबिरीच्या काकडीवर उडतात. सरळ पातेल्यात टाका, शिजताना सगळं मरतं, रेझिस्टंट जंतू उष्णतेला काही वेगळा चिवट नसतो. चिकन कापलेली सुरी, विळी, पाट साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्या कशाला लावू नका.

आणि माणसांची औषधं. हॉलंडमधल्या प्रवाशांचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला, आपल्या दक्षिण आशियात येऊन गेलेल्यांपैकी साधारण ७५ टक्के लोक ईएसबीएल नावाचं एन्झाइम बनवणारे रेझिस्टंट जंतू पोटात घेऊन परत गेले. ते पाहुणे होते, आपण तर इथेच राहतो. पण त्यातल्या बहुतेकांच्या पोटातून ते काही आठवड्या-महिन्यांत निघूनही गेले, आणि जे प्रवासात अँटिबायोटिक घेत होते त्यांना हे जंतू लागायचं प्रमाण जास्त होतं. म्हणून साध्या सर्दीला, पाण्यासारख्या जुलाबाला स्वतःहून गोळी नको. पोरांच्या जुलाबाला ओआरएस आणि झिंक, सहा महिन्यांच्या वरच्याला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्याला १०, दहा ते चौदा दिवस. शौचात रक्त पडलं, पोर मलूल झालं तर दवाखाना. ज्या गोळ्यांच्या पाकिटावर लाल उभी रेघ असते त्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नसतात, आणि जनावराची औषधं माणसाला किंवा उलट तर कधीच नाही.

लघवीला जळजळ, वारंवार जावं लागणं, ताप असं झालं तर डॉक्टरला आधी हे सांगा की घरी जनावरं आहेत, शेणात हात असतो, मागच्या सहा महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलं. नेदरलँड्समध्ये वराहपालन करणारा माणूस दवाखान्यात दाखल झाला की त्याची रेझिस्टंट जंतूसाठी तपासणीच करतात, आपल्याकडे हे सहसा विचारत नाहीत, तर आपणच सांगायचं. आणि पहिली गोळी घ्यायच्या आधी लघवीचं कल्चर द्या, गाईच्या दुधासारखंच, पहिली धार सोडून मधली, निर्जंतुक डबीत, लगेच लॅबला.